अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक कोचचं करिअर कसं असतं?

तुमचा प्रश्न असा आहे: भाचा न्यू जर्सीत अकरावीत आहे, शाळेच्या संघात राखीव क्वार्टरबॅक (चेंडू हातात घेऊन चाल चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) आहे. कॉलेजच्या संघात जागा मिळण्याची आशा नाही, पण पुढे कॉलेजातच क्वार्टरबॅक कोच व्हायचं त्याने मनाशी पक्कं केलंय. ताई-भाऊजींना घोर लागलाय. हे करिअर असतं तरी कसं, आणि स्वतः नावाजलेला खेळाडू नसलेल्याला तिथे कोणी उभं करतं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. हो, करतात. पेटन आणि ईलाय या पुढे नामवंत क्वार्टरबॅक झालेल्या मॅनिंग बंधूंना कॉलेजात घडवणारे डेव्हिड कटक्लिफ स्वतः कॉलेज फुटबॉल खेळलेच नाहीत. अलाबामा विद्यापीठात शिकताना ते तिथले नावाजलेले हेड कोच बेअर ब्रायंट यांच्या हाताखाली विद्यार्थी सहायक म्हणून राबले. माइक लीच तर कायद्याची पदवी घेऊन या धंद्यात आले आणि त्यांच्या पासिंगच्या पद्धतीने निम्म्या देशाचा खेळ बदलला. आपले आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, हे आठवलं तर तुम्हाला याचं फार नवल वाटू नये.

पहिल्या भागाचं उत्तर लांबलचक आहे.

मी इथल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात एमएस करत होते तेव्हा खर्च भागवायला खेळाडूंना संख्याशास्त्र शिकवायचे. तिथे एक ग्रॅज्युएट असिस्टंट यायचा. सगळे त्याला 'जीए'च म्हणत. कॉलेज फुटबॉलमधली बहुतेक करिअर्स याच पायरीवरून सुरू होतात. जीएला मास्टर्सला प्रवेश घ्यावाच लागतो. फी माफ होते आणि खोलीचं भाडं जेमतेम सुटेल इतके पैसे मिळतात. याच्या बॅगेत जाड कार्डांचा गठ्ठा असायचा. येत्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांचा बचाव कसा उभा राहतो त्याची चित्रं: अकरा खुणा, बाण, वरच्या कोपऱ्यात कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा) आणि किती यार्ड बाकी. सरावात ही कार्डं राखीव खेळाडूंना दाखवायची आणि त्यांना प्रतिस्पर्ध्यासारखं उभं करायचं. कार्डावरचा एक बाण चुकला की त्या दिवशी क्वार्टरबॅक चुकीची गोष्ट शिकणार. त्यामुळे हा मुलगा माझ्यासमोर गृहपाठाचं गणित अर्धवट टाकून कार्ड पुन्हा काढत बसायचा, आणि मला त्याचा राग यायच्या ऐवजी कौतुक वाटायचं. सामन्याचं चित्रीकरण कापून चालीप्रमाणे लावणं, प्रत्येक चालीची नोंद करणं, पहाटेच्या बैठकीआधी खोली तयार ठेवणं, हे सगळं त्याच्याच गळ्यात.

दोनेक वर्षं असं काढल्यावर पुढची जागा मिळते ती कधी 'क्वालिटी कंट्रोल', कधी 'ॲनालिस्ट' नावाची (पडद्यामागे चित्रीकरण आणि नोंदी अभ्यासण्याची), नाहीतर एखाद्या छोट्या कॉलेजात पोझिशन कोचची, म्हणजे एकाच जागेच्या खेळाडूंना शिकवणाऱ्याची. इथे एक गोष्ट भाच्याला आधीच माहीत असलेली बरी: क्वार्टरबॅक कोचची खुर्ची फार क्वचित रिकामी असते, कारण पुष्कळ संघांत ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाच्या चाली ठरवणारा कोच) स्वतःच क्वार्टरबॅकना शिकवतो. म्हणून वाट बहुतेक वेळा रिसीव्हर (पास झेलणारा), टाईट एंड (झेलणारा आणि अडवणाराही), रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) अशा जागांच्या कोचिंगवरून जाते. कटक्लिफ यांनी आधी बर्मिंगहॅमच्या बँक्स हायस्कूलमध्ये कोचिंग केलं, १९८२ मध्ये टेनेसी विद्यापीठात अर्धवेळ कोच म्हणून आले, इतर जागा सांभाळल्या, आणि क्वार्टरबॅक त्यांच्या हाती यायला पुढची सात-आठ वर्षं गेली.

आता प्रत्यक्ष काम. लोकांना वाटतं हा माणूस चेंडू फेकायला शिकवतो. कॉलेजात येणाऱ्या मुलाला चेंडू फेकता येतच असतो. शिकवायचं असतं ते बघणं आणि पाय. समजा तिसरा डाऊन आहे, सात यार्ड हवेत. समोर खोलवर दोन सेफ्टी (बचावाचे सगळ्यात मागचे खेळाडू) उभे दिसतात. म्हणजे मैदानाचा मधला भाग मोकळा असावा. चेंडू हातात येताच एक सेफ्टी मधोमध सरकतो, दुसरा पुढे धावत येतो, आणि मघाशी मोकळी दिसलेली जागा बंद होते. आता संधी बाहेरच्या बाजूला आहे, जिथे रिसीव्हर आणि त्याला अडवणारा कॉर्नरबॅक एकास एक उरलेत. हे ओळखून चेंडू हातातून सुटायला अडीच-तीन सेकंद मिळतात, तेही अंगावर सव्वाशे किलोची माणसं धावून येत असताना. एवढ्या वेळात विचार करता येत नाही. म्हणून कोच डोळ्यांचा क्रम पायांना बांधून टाकतो: पाच पावलांचा ड्रॉप (मागे सरकणं), पाचवं पाऊल टेकताना नजर पहिल्या रिसीव्हरवर, तो झाकलेला असेल तर एक छोटं पाऊल पुढे आणि नजर दुसऱ्यावर, पुन्हा एक पाऊल, तिसरा. पाऊल आणि नजर एकत्र हलली की खांदे आपोआप त्या दिशेला येतात. कटक्लिफ यांची ख्याती या पायांच्या शिस्तीसाठीच आहे.

मी गेली काही वर्षं नॉर्थ कॅरोलायनात, डरममध्ये राहते. इथल्या ड्यूक विद्यापीठाच्या वॉलेस वेड स्टेडियममध्ये सामन्याच्या खूप आधी जाऊन बसायची मला सवय आहे, ती क्वार्टरबॅकचा सराव बघायला. आधी चेंडूशिवाय नुसती पावलं, मग चेंडू छातीशी दोन्ही हातांत धरून पावलं, मग गुडघ्यावर बसून जवळचे थ्रो. फेकणं सगळ्यात शेवटी. शाळा-कॉलेजांच्या सरावात आणखी एक गंमत दिसते: एक जण लांब दांड्याचा झाडू उंच धरून समोर उभा राहतो. ते समोरच्या धिप्पाड लाइनमनचे वर केलेले हात. त्यांच्या वरून चेंडू काढायचा.

सामना शनिवारी असला तरी आठवडा रविवारीच सुरू होतो. झालेल्या सामन्याची चाल न् चाल बघायची, प्रत्येकीला गुण द्यायचे, मग पुढच्या संघाचं चित्रीकरण. मंगळवारी साधारण पहिल्या-दुसऱ्या डाऊनच्या चाली, बुधवारी तिसऱ्या डाऊनच्या, गुरुवारी गोललाइनजवळच्या. खेळाडूंच्या वेळेवर एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची, मर्यादा आहे, हंगामात आठवड्याला २० तास. कोचच्या वेळेवर कसलीच नाही. सराव संपला की हायस्कूलच्या मुलांना फोन, त्यांच्या आईवडिलांना फोन. चांगली मुलं आपल्या संघात आणणं हा नोकरीचा अर्धा भाग आहे, आणि ज्याला अनोळखी घरात बसून बोलता येत नाही त्याचं इथे अवघड होतं.

२०२४ पासून वरच्या फळीत, म्हणजे एफबीएसमध्ये, कोचला क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये थेट बोलता येतं. प्लेक्लॉकवर (चाल सुरू करायला मिळणाऱ्या वेळेच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की आवाज बंद होतो. त्याआधी हातवारे आणि चित्रांचे मोठे फलक यांवरच भागत असे. मला हा बदल चांगला वाटतो. पण शेवटची १५ सेकंदं आणि नंतरची तीन पोराची एकट्याचीच आहेत, आणि चांगला कोच सगळा आठवडा त्या वेळेसाठीच खर्ची घालतो.

कोचची खरी परीक्षा पहिल्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकवर होत नाही असं माझं ठाम मत आहे. १९९४ मध्ये टेनेसीचा पहिला क्वार्टरबॅक जेरी कोल्क्विट हंगामाच्या पहिल्याच सामन्यात सुरुवातीलाच गुडघ्याला इजा होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी आलेला टॉड हेल्टन (हा पुढे बेसबॉलमध्ये हॉल ऑफ फेमपर्यंत पोचला) काही आठवड्यांत जखमी झाला. मग मैदानात आला नुकताच कॉलेजात दाखल झालेला पेटन मॅनिंग. हा मुलगा पुढे व्यावसायिक संघांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) देशात पहिल्या क्रमांकावर निवडला गेला हे सगळ्यांना माहीत आहे. तो त्या दिवशी उभा राहू शकला, कारण कटक्लिफ यांनी तिसऱ्या मुलालाही पहिल्याइतकंच शिकवलं होतं.

आता ताई-भाऊजींचा घोर. तो अनाठायी नाही. कोचचं भवितव्य विशीतल्या मुलाच्या गुडघ्यावर, आणि त्याहून जास्त हेड कोचच्या नशिबावर टांगलेलं असतं. हेड कोच गेला की नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो. बाकीच्यांची मुलं शाळेच्या मध्यावर दुसऱ्या राज्यात. वर पोचलेल्यांचीही सुटका नाही. १९९८ च्या हंगामात टेनेसी अजिंक्य राहून राष्ट्रीय विजेती झाली, पण अंतिम सामन्याआधीच कटक्लिफ ओल मिसचे (मिसिसिपी विद्यापीठाचे) हेड कोच होऊन निघून गेले होते. तिथे ईलाय मॅनिंगच्या शेवटच्या वर्षी, २००३ मध्ये, १० विजय आणि ३ पराभव. पुढच्या वर्षी ४ विजय, ७ पराभव, आणि हकालपट्टी. २००५ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने पुन्हा क्वार्टरबॅक कोच म्हणून बोलावलं, तर हृदयाची बायपास करावी लागली आणि हंगाम सुरू होण्याआधीच ते पद सोडावं लागलं. पन्नाशीत माणूस घरी. मग टेनेसी, आणि २००८ मध्ये ड्यूक, जिथे आधीच्या वर्षी संघाने एकच सामना जिंकला होता. २०१३ मध्ये त्याच ड्यूकने १० सामने जिंकले. विद्यापीठाच्या इतिहासात तसं आधी कधी झालं नव्हतं. मानेच्या शस्त्रक्रियांनंतर पेटन मॅनिंगला फेकणं नव्याने जमवायचं होतं तेव्हा तो इथे डरमलाच आला, आपल्या कॉलेजच्या कोचकडे. २०२१ च्या खराब हंगामानंतर ड्यूकनेही त्यांना निरोप दिला. आमच्या गावात त्या आठवड्यात बरेच लोक मनापासून हळहळले, त्यांत मीही होते.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण लिंकन रायली. टेक्ससमधल्या म्यूलशू नावाच्या छोट्या गावचा मुलगा, टेक्सस टेकमध्ये शिष्यवृत्तीशिवाय क्वार्टरबॅक म्हणून आला. माइक लीचनी त्याला सांगितलं की खेळणं सोड आणि माझ्याकडे विद्यार्थी सहायक हो. विशीतच तो ईस्ट कॅरोलायनात कोऑर्डिनेटर झाला, ३३ व्या वर्षी ओक्लाहोमाचा हेड कोच. त्याच्या हाताखालच्या बेकर मेफील्ड, कायलर मरी आणि केलेब विल्यम्स या तिघांनाही हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाली. भाच्याला ही गोष्ट आवडेल, पण घरच्यांनी हिशेब याच्यावर बांधू नये. वरच्या काही विद्यापीठांत कोऑर्डिनेटरला वर्षाला २० लाख डॉलरच्या पुढे मिळतात हे खरं. बाकीच्यांचं आयुष्य शिक्षकाच्या पगाराच्या आसपास सुरू होतं.

शिवाय जमीनही हलतेय. २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर पैसे कमावू शकतात, ट्रान्सफर पोर्टलमधून सहज विद्यापीठ बदलू शकतात. चार वर्षं एका मुलावर मेहनत घेण्याची चैन फार थोड्यांना मिळते. बऱ्याचदा जानेवारीत आलेल्या तयार मुलाला ऑगस्टपर्यंत आपली भाषा शिकवायची असते. दुसरीकडे २०२४ मध्ये एनसीएएने मैदानावर शिकवू शकणाऱ्या कोचच्या संख्येवरची मर्यादा काढली, त्यामुळे ॲनालिस्टच्या जागेवरचा तरुणही आता मुलांना प्रत्यक्ष शिकवू शकतो. नवख्यांसाठी ही मोठी सोय झाली.

भाच्याने आत्ता काय करावं? शाळेच्या कोचकडे जाऊन चित्रीकरण कापायचं आणि चालींची नोंद ठेवायचं काम मागावं. राखीव क्वार्टरबॅकला ते आनंदाने देतात. कॉलेज निवडताना संघाच्या नावापेक्षा तिथे विद्यार्थी सहायक घेतात का, हे फुटबॉल ऑफिसला ईमेल करून विचारावं. पदवी शिक्षणशास्त्राची किंवा गणिताची घ्यावी, म्हणजे हायस्कूलमध्ये शिकवत कोचिंग करण्याचा रस्ता उघडा राहील. ताईंना सांगा, पहिली दोन वर्षं त्याच्या आरोग्य विम्याची सोय घरून बघा, जीएच्या पैशांत तो नेहमी बसत नाही.