कंपनीने ‘ऑफ-रोड’ म्हणून विकलेली पिकअप खरोखर किती ऑफ-रोड आहे, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मध्यम आकाराची डबल-कॅब पिकअप घ्यायची आहे, नंतर लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) वगैरे काही बसवायचं नाही, कंपनीतून येते तशीच वापरायची. मग माहितीपत्रकातले कोन आणि मिलिमीटर बघून तिची लायकी ठरवता येते का?

थोडीफार येते. पण बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून बघायला लागतात. शोरूममध्ये गेलं की आपण गाडीच्या तोंडासमोर उभे राहतो. बंपर किती वर कापलाय, टायर किती दणकट दिसताहेत, लाल रंगाचे हुक आहेत का. पिकअप तोंडाने क्वचितच अडकते. ती अडकते पोटाने आणि शेपटाने. आजवर दोन पिकअप वापरल्या, दोन्ही मागूनच फसल्या, म्हणून मी परीक्षा मागून सुरू करतो.

आधी आकडे, कारण ते अगदीच खोटे नसतात. सुझुकीची तीन दारांची जिम्नी घ्या. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतली उंची, २१० मिलिमीटर, फार नाही. जीप ग्लॅडिएटर रुबिकॉनचा क्लिअरन्स साधारण २८० मिलिमीटर, म्हणजे ती चांगली सात सेंटिमीटर उंच. पण मधला कोन, म्हणजे ब्रेकओव्हर अँगल (पोट न टेकता किती टोकदार माथा ओलांडता येतो तो), जिम्नीचा २८ अंश आणि रुबिकॉनचा २० अंशांच्या जरासा वर. बांधाच्या किंवा उंचवट्याच्या माथ्यावर कोण आधी पोटावर बसेल? उंच असलेली पिकअप. कारण जिम्नीची पुढची-मागची चाकं २.२५ मीटरवर आहेत आणि ग्लॅडिएटरची जवळजवळ साडेतीन मीटरवर. टोयोटा हायलक्सचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं हे अंतर, ३०८५ मिलिमीटर, फोर्डच्या नव्या रेंजरचा ३२७०. माणसं बसायला चार दारं आणि मागे हौदा, एवढं सगळं एका सांगाड्यावर बसवलं की पोट लांब होणारच. क्लिअरन्सचा आकडा एकटा बघू नका, व्हीलबेसशेजारी ठेवून बघा.

त्याच रुबिकॉनचा पुढचा कोन (बंपर न घासता किती उभ्या चढाला भिडता येतं तो) ४३ अंशांच्या वर आहे आणि मागचा २६. इतका फरक! पुढून जो चढ ती सहज घेते, त्याच्या पायथ्याशी शेपूट घासतं. बहुतेक पिकअपमध्ये हीच गत असते, कारण मागच्या चाकांमागे हौदा लांब लोंबत असतो. त्यात माहितीपत्रकातला मागचा कोन बऱ्याचदा टो-बार (ट्रेलर ओढायचा दांडा) न लावता मोजलेला असतो. टो-बार लावलात की त्यातले काही अंश गेले.

आता गाडीखाली शिरा. खरंच शिरा. एक पुठ्ठा आणि टॉर्च घेऊन जा, सेल्समन हसेल, हसू दे. पाठीवर झोपून मागच्या ॲक्सलकडे बघा. डिफरन्शियलचा गोळा (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) हा सगळ्यात खालचा भाग, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या बाजूला शॉक ॲब्झॉर्बर जिथे खाली बोल्ट केलेत ते कान बघा. काही गाड्यांत ते ॲक्सलच्याही खाली येतात आणि दगडावर पहिले तेच आपटतात. लिफ्ट किटने डिफरन्शियल एक मिलिमीटरही वर जात नाही, ते फक्त मोठ्या टायरने जातं, आणि तेही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मंच. सायलेन्सर कुठून जातो, डिझेलची टाकी उघडी आहे की पत्र्याने झाकलेली, ते बघा. आणि कव्हर म्हणून जे लावलंय त्यावर बोटाने टिचकी मारा. प्लॅस्टिकचा आवाज आला तर ते चिखल उडू नये म्हणून आहे, दगडासाठी नाही.

मग स्टेपनी. बहुतेक पिकअपमध्ये ती हौद्याखाली, मागच्या ॲक्सलच्या मागे, साखळीला टांगलेली असते. बंपरमधल्या भोकातून एक लांब दांडा आत घालायचा, तो साखळीच्या यंत्रात बसवायचा आणि फिरवत राहायचं, की स्टेपनी हळूहळू खाली येते. शोरूममध्ये फार छान येते. माझ्या आधीच्या गाडीचं (नाव नको) ओढ्याच्या काठावर टायर फाटलं तेव्हा मागचा भाग चिखलात टेकलेला होता. दांडा फिरतोय, आत कुठेतरी करकर होतेय, आणि स्टेपनी जागची हलत नाही, कारण खाली उतरायला तिला जागाच नाही. हातांनी चिखल उकरून जागा केली. मग कळलं की साखळीचा हुक गंजून रिमला चिकटलाय. दीड तास गेला. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी स्टेपनी खाली घेतो, साखळीला ग्रीस लावतो आणि परत वर चढवतो. तुम्ही टेस्ट ड्राइव्हच्या वेळीच एकदा उतरवून मागा. ती मोठ्या टायरच्याच मापाची आहे का, हेही तेव्हाच कळेल. पुढे-मागे दणकट टायर आणि खाली बारकी स्टेपनी, असंही असतं.

आता खरा मुद्दा: एक चाक हवेत गेल्यावर गाडी काय करते?

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. ऐकायला न्याय्य वाटतं, पण हवेतल्या चाकाला फिरायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. ते उभं राहून बघत बसतं आणि हवेतलं गरगर फिरतं. यावर कंपन्यांचे दोन उपाय आहेत. एक, ट्रॅक्शन कंट्रोल: फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावायचा, म्हणजे जोर दुसरीकडे जातो. दोन, डिफ लॉक: दोन्ही चाकं एकमेकांना बांधूनच टाकायची.

पिकअपला ही गरज जास्त पडते. मागे कमानपाटे असतात आणि ते ओझ्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की पाटे कडक राहतात, लवत नाहीत, आणि तिरप्या खड्ड्यात मागचं चाक लवकर हवेत जातं. तीच गाडी तीन-चारशे किलो भरा, चाकं जमिनीला जास्त चिकटतील, पण आता मागचा भाग बसलाय म्हणून शेपूट आधी घासेल. म्हणून कोणी ‘ही गाडी ऑफ-रोडला भारी आहे’ म्हणालं की मी विचारतो, भरलेली की रिकामी? ज्यांच्या मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, ग्लॅडिएटर किंवा रेंजर रॅप्टरसारख्या, त्यांचं हे दुखणं कमी असतं.

चाचणी अशी करा. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक खोलगटात जाईल अशी जागा शोधा, फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये) हळू जा आणि मागचं एक चाक उचललं की थांबा. आता अगदी स्थिर ॲक्सिलरेटर द्या. ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर चाक क्षणभर फिरेल, खालून ब्रेकची खटखट ऐकू येईल, मग गाडी हलेल. हा क्षणभर किती लांबतो, तेच बघायचंय. चांगल्या यंत्रणेत चाक पाव-अर्धा फेरा फिरतं. वाईट यंत्रणेत तुम्ही घाबरून पाय काढता, आणि पाय काढला की सगळं पहिल्यापासून. नंतर हीच जागा डिफ लॉक लावून. बटण दाबल्यावर दिवा लुकलुकतो. लुकलुकतोय तोवर लॉक लागलेला नाही. आतले दात जुळायला चाकं थोडी फिरावी लागतात. जरा पुढे-मागे करा, स्टिअरिंग थोडं हलवा, दिवा स्थिर झाला की निघा. एक गोष्ट विचारून घ्या: मागचा लॉक लावल्यावर पुढच्या चाकांचं ट्रॅक्शन कंट्रोल चालू राहतं का? काही गाड्यांत ते बंद होतं, मग मागे कमावलं ते पुढे गमावलं.

शेवरोले कोलोराडो झेडआर-२, ग्लॅडिएटर रुबिकॉन, सध्याची रेंजर रॅप्टर यांना पुढे-मागे दोन्हीकडे लॉक मिळतात. पण म्हणून त्या तिघी सारख्या ठरत नाहीत. रुबिकॉनला पुढेही सलग ॲक्सल आहे आणि पुढचा स्वे-बार (गाडी कलू नये म्हणून दोन चाकांना जोडणारी दांडी) बटणाने सोडवता येतो. ती दगडांवर मुंगीसारखं चालण्यासाठी आहे. रॅप्टरला फॉक्स कंपनीचे जाड शॉक ॲब्झॉर्बर आहेत, ती उघड्या मैदानात खड्डे वेगाने गिळण्यासाठी. तुम्ही चिखलाच्या वाटेने शेतावर जाणार असाल तर दोघींचंही निम्मं कौशल्य वाया जाईल, आणि मागे एक लॉक असलेली साधी पिकअप चांगल्या टायरवर तुमचं काम करेल. माझं तरी असं मत आहे. रॅप्टरवाले मित्र यावर चिडतात.

फोर लो किती ‘लो’ आहे तेही मोजता येतं. पहिल्या गिअरचा आकडा, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या डब्याचा) लो आकडा आणि ॲक्सलचा आकडा, तिघांचा गुणाकार करा. पूर्वी मिळणाऱ्या ग्लॅडिएटर रुबिकॉन मॅन्युअलचा ५.१३ गुणिले ४ गुणिले ४.१०, म्हणजे सुमारे ८४. नेहमीच्या मध्यम पिकअप साधारण ३५ ते ५० च्या दरम्यान असतात. आकडा मोठा तितकी गाडी हळू रांगते आणि उतारावर इंजिन तितकं घट्ट धरून ठेवतं. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असलेलं तेलाचं यंत्र) सुरुवातीला जोर वाढवतो, म्हणून चढावर तिथे लहान आकडाही चालून जातो. उतारावर मात्र नाही. म्हणून उतरून बघा: फोर लो, पहिला गिअर, दोन्ही पाय बाजूला. गाडी चालण्याच्या वेगाने उतरली तर ठीक. धावायला लागली तर तुम्हाला पूर्ण उतार ब्रेकवर काढावा लागणार, आणि रिकाम्या पिकअपचं मागचं टोक उतारावर आधीच हलकं झालेलं असतं. ब्रेक जोरात लागला की तेच पुढे यायला बघतं.

फोर-व्हीलची ही चाचणी कोरड्या डांबरावर करू नका. बहुतेक पिकअपमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधलं डिफरन्शियल नसतं, वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअरमध्ये साठत जातो. गाडी अडखळल्यासारखी वाटते, मग लोक म्हणतात गाडीत दोष आहे. मुरूम किंवा मातीची जागा बघा.

पाण्याचं थोडक्यात. किती खोल पाण्यातून जाता येतं, याचा हायलक्सचा आकडा ७०० मिलिमीटर, रेंजरचा ८००. हे उभ्या पाण्यात, हळू जाताना. वाहत्या पाण्याला या आकड्यांशी काही देणंघेणं नाही. बॉनेट उघडून इंजिन हवा कुठून ओढतं ते बघा, आणि ॲक्सलच्या ब्रीदर नळ्या (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या) वर नेल्यात का ते विचारा. तापलेलं ॲक्सल गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सील किंवा नळीतून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधासारखं पांढरट झालेलं दिसलं तर समजा हेच झालंय.

टायर बदलता येतात म्हणून मी त्यांना शेवटी ठेवतो, पण कंपनीने कुठले दिलेत त्यावरून तिची नियत कळते. दारावर मोठं स्टिकर आणि खाली हायवेचे गुळगुळीत टायर असतील, तर ती गाडी स्टिकरसाठी बनवली आहे. आणि हवा ३५ पीएसआयवरून वाळूत १८-२० वर आणल्याशिवाय कुठल्याच पिकअपला नावं ठेवू नका. नुसत्या तेवढ्याने फसलेली गाडी बाहेर आलेली मी पाहिली आहे. फक्त परत भरायला कंप्रेसर हवा. ओढून काढायची वेळ आली तर मागे सांगाड्याला बोल्ट केलेला हुक आहे का बघा. टो-बारच्या गोळ्याला पट्टा अडकवून कधीही ओढू नका, तो तुटून गोळीसारखा सुटतो आणि माणसं मेली आहेत.

कंपनीच्या स्वतःच्या ट्रॅकवर नेतील तर जरूर जा, मजा येते. पण तिथे गाडी अडकत नाही यात नवल नाही. आपलीच गाडी अडकेल असा ट्रॅक कोण बांधेल? तिथे एकच गोष्ट मागा, जी दाखवायला ते सहसा तयार नसतात. अर्ध्या चढावर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, परत चालू करा आणि फोर लोमध्ये रिव्हर्स टाकून सरळ खाली या. चढ जमला नाही की हेच करावं लागतं. आरशात हौद्याच्या कडेपलीकडे काय दिसतं, मागच्या काचेतून फक्त आभाळ दिसतं का, आणि कॅमेऱ्यावर मूठभर चिखल फासला तर तुम्हाला खालची वाट कळते का, ते तेव्हाच बघून घ्या.