फुटलेला डोळा समोर आला तर

चि. डॉक्टरांस अनेक उत्तम आशीर्वाद.

ग्रामीण रुग्णालयातील तुझ्या नेमणुकीचे समजले. तेथे दिवाळीत फटाक्याने आणि एरवी छिन्नीवर हातोडा मारताना उडालेल्या कपचीने जखमी झालेले डोळे येतील, म्हणून हे लिहीत आहे.

डोळा फुटला की रक्त दिसतेच असे नाही. बाहुली गोल न राहता एका बाजूला ओढली जाऊन टोकदार झाली असेल आणि त्या टोकाशी, बुबुळाच्या कडेला, काळसर तपकिरी ठिपका दिसत असेल, तर तो कचरा समजून कापसाने टिपू नये. जखमेतून बाहेर आलेली ती आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा असतो. तपासणी तेथेच थांबवावी. डोळ्याचा दाब मोजू नये, थेंब किंवा मलम घालू नये, रुतलेली वस्तू उपसू नये. घट्ट पट्टी बांधण्याची आपल्याकडची सवय मला सर्वांत घातक वाटते, कारण त्या दाबाने डोळ्यातला ऐवज बाहेर ढकलला जातो. भोवतीच्या हाडांवर टेकेल असे कडक शील्ड, म्हणजे डोळ्याला न टेकणारे झाकण, लावावे. ते नसल्यास कागदी कपाचा तळ कापून चिकटपट्टीने बसवावा. ओकारीच्या उबळीनेही हेच नुकसान होते, तेव्हा उलटी थांबवणारे इंजेक्शन विसरू नये. रुग्णाला उपाशी ठेवून, धनुर्वाताची लस व शिरेतून प्रतिजैविक देऊन, शक्यतो 24 तासांच्या आत टाके पडतील अशा बेताने पुढे पाठवावे. लोखंडाच्या कणाची शंका असेल तर सीटी स्कॅन करावा, एमआरआय मुळीच नको.

चुन्याची गोष्ट मात्र उलट आहे. तंबाखूसोबतची चुन्याची पुडी दाबताना फुटून मुलांच्या डोळ्यांत जाते; तेथे केसपेपरचीही वाट न पाहता सलाइनची धार सोडावी, ती निदान अर्धा तास चालू ठेवावी आणि पापणी उलटवून चिकटलेले कण काढावेत.

नातेवाईक विचारतील, ‘डोळा काढावा लागेल का?’ उजेडही कळत नसला तरी पहिल्या दिवशी डोळा शिवण्याकडेच सर्जनचा कल असतो, कारण अशा काही डोळ्यांना नंतर थोडी नजर येते. एका डोळ्याच्या जखमेमुळे दुसराही सुजू शकतो हे खरे. 1812 मध्ये वडिलांच्या कारखान्यात आरी लागून लुई ब्रेलचे दोन्ही डोळे गेले ते बहुधा असेच. आज हा विकार विरळ आहे व त्यावर स्टेरॉइडसारखे उपचार आहेत, एवढेच त्यांना सांगावे.

पाठवणीच्या चिठ्ठीत दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी लिहावी: बोटे मोजता येतात, हात हललेला कळतो, की नुसता उजेड. पुढे किती दृष्टी राहील याचा अंदाज सर्जन मुख्यतः त्याच नोंदीवरून बांधतात.