मासे आणि भाजी एकाच पाण्यावर : वाचकांचे प्रश्न

ॲक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या टाकीतील पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात चढवायचे, तेथे भाजीला पोसून ते पुन्हा टाकीत उतरू द्यायचे, या पद्धतीवर घरगुती संच चालविणाऱ्या वाचकांची पत्रे मे आणि जून महिन्यांत बरीच आली. त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : घरामागच्या अंगणात 600 लिटरची टाकी आणि खडीचे दोन वाफे दीड वर्ष उत्तम चालले होते. पावसाळ्यापूर्वीची साफसफाई म्हणून मेअखेरीस टाकी रिकामी केली, सगळी खडी बाहेर काढून नळाखाली चोळून धुतली आणि ताजे पाणी भरले. पाणी इतके नितळ कधीच नव्हते. तरीही पाचव्या दिवसापासून मासे मरू लागले आणि चाळीसपैकी चौदा गेले. मेलेल्या माशांचे कल्ले तपकिरी दिसत होते. आमचे काय चुकले? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : आपण टाकी धुतली, त्याबरोबर संचातील सर्वांत मोठी वस्तीही धुऊन टाकली. हे पाप प्रस्तुत लेखकानेही पहिल्या वर्षी केलेले आहे, त्यामुळे उपदेशाच्या सुरात लिहिण्याचा अधिकार त्याला नाही.

मासे खातात आणि त्यांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. खडीवर हाताला किंचित बुळबुळीत लागणारा जो थर असतो, त्यात राहणारे जिवाणूंचे दोन गट हा अमोनिया हाताळतात : पहिला गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट माशांना घातक असतात, नायट्रेट मात्र भाजीचे अन्न असते आणि माशांना त्याचा फारसा त्रास होत नाही. आपण रोज साधारण 50 ग्रॅम खाद्य देत असाल आणि त्यात 32 टक्के प्रथिने असतील, तर त्यातून दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास अमोनियारूपी नायट्रोजन तयार होतो. 600 लिटर पाण्यात याचा अर्थ रोज लिटरमागे सुमारे अडीच मिलिग्रॅमची भर असा होतो आणि ती खाणारे जिवाणू खडीवर नसतील, तर दोन-तीन दिवसांतच पाणी बाधू लागते. त्यात नळाच्या पाण्यातील क्लोरिनने उरलेसुरले जिवाणूही मारले असणार. कल्ल्यांचा तपकिरी रंग ही नायट्राइटची खूण आहे, कारण नायट्राइट रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते आणि लाल रक्त चॉकलेटी दिसू लागते.

उरलेल्या सव्वीस माशांसाठी पुढीलप्रमाणे करावे. तीन-चार दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवावे. मासे तेवढ्याने उपाशी मरत नाहीत. रोज टाकीतील एक तृतीयांश पाणी बदलावे, मात्र ते पाणी निदान एक दिवस उघड्या पिंपात एअर पंप लावून ठेवलेले असावे, म्हणजे त्यातील क्लोरिन उडून जाईल. साधे मीठ लिटरला एक ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीसाठी 600 ग्रॅम, पाण्यात विरघळवून दोन-तीन हप्त्यांत घालावे. मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरणे अवघड होते. पालक, माठ यांना एवढे मीठ चालते. घेवडा आणि स्ट्रॉबेरी यांना ते सोसत नाही. ओळखीत कोणाचा निरोगी संच असेल, तर त्याच्या वाफ्यातील घमेलेभर ओली खडी आणून आपल्या वाफ्यात मिसळावी. बाटलीतून विकत मिळणाऱ्या जिवाणूंपेक्षा आमचा या खडीवर अधिक भरवसा आहे. दोन्ही चाचण्यांत अमोनिया आणि नायट्राइट अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली आले की चिमूटभर खाद्याने सुरुवात करावी. पूर्ववत व्हायला चार ते सहा आठवडे लागतील.

पुढच्या वर्षी साफसफाई करावीशी वाटली, तर एका वेळी वाफ्याचा एक चतुर्थांश भागच उकरावा, खडी टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत एकदोनदा हलवून परत ठेवावी आणि ते गढूळ पाणी कुंड्यांना घालावे. वाफ्यात मूठभर गांडुळे सोडली असतील, तर एवढेही वारंवार करावे लागत नाही.

प्रश्न : मासे उत्तम आहेत, चाचणीत नायट्रेटही भरपूर येते, तरीही मेथी आणि पालकाची नवी पाने पिवळी पडत आहेत. शिरा मात्र हिरव्या राहतात. टाकी 500 लिटरची असून पाणी बोअरचे आहे. खाद्य वाढवावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : खाद्य वाढवू नये. आपण लिहिलेल्या एका वाक्यात निदान आलेले आहे : नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या. नायट्रोजन कमी पडला असता, तर खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असती. पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी असते, तर जुन्या पानांच्या कडा करपल्या असत्या. कोवळ्या पानांवर अशी हिरवी जाळी उमटते ती बहुधा लोहाच्या कमतरतेने. माशांच्या गोळीखाद्यात माशांपुरते लोह असते, भाजीपुरते नसते. त्यातून आपले पाणी बोअरचे असल्याने त्याचा सामू, म्हणजे पाण्याची आम्लता दाखविणारा पीएच, 8 च्या आसपास असणार आणि अशा पाण्यात जे थोडे लोह असते, तेही गंजून तळाशी बसते.

अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात डॉ. जेम्स रकॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले. तेथे दर तीन आठवड्यांनी लिटरला 2 मिलिग्रॅम लोह चिलेट स्वरूपात, म्हणजे ते पाण्यात विरघळलेले राहील अशा संयुगात बांधून, देत असत. घरच्या संचालाही हे प्रमाण लागू पडते. आपली टाकी आणि वाफ्यांतील पाणी मिळून 600 लिटर धरले, तर 1.2 ग्रॅम लोह लागेल. पुडीवर 6 टक्के लोह लिहिलेले असेल, तर ती पूड 20 ग्रॅम भरते. कृषी सेवा केंद्रात सर्वांत सहज मिळते ते ईडीटीए चिलेट, पण ते साडेसहाच्या वरच्या सामूत टिकत नाही. आपल्या पाण्यासाठी ईडीडीएचए मागावे. ते घातल्यावर टाकीतील पाणी कोकमाच्या सरबतासारखे लालसर होईल आणि काही दिवस तसेच राहील. त्याने घाबरून पाणी बदलू नये. स्वस्त पडते म्हणून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घालण्याचा मोह अनेकांना होतो. तिचे या सामूत काही मिनिटांत गाळात रूपांतर होते आणि त्या प्रक्रियेत पाण्यातील प्राणवायूही खर्च होतो. टाकीत गंजके खिळे टाकण्याचा उपाय तर केवळ ऐकीव आहे.

जुनी पाने पुन्हा हिरवी होण्याची वाट पाहू नये. आठ-दहा दिवसांत नवीन फुटणारी पाने हिरवी आली, म्हणजे निदान बरोबर ठरले.

प्रश्न : गेल्या जुलैत सलग पाऊस लागला आणि सामू 7 वरून 6 च्या खाली उतरला. माशांनी खाणे सोडले, भाजी खुंटली. या वर्षी काय काळजी घ्यावी? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : कोकणात हे होणारच, कारण तेथे पावसाचे पाणी अतिशय मृदू असते आणि टाकी उघडी असेल, तर एका रात्रीत ते अर्धी टाकी बदलून टाकते. पण सगळा दोष पावसाचा नाही. अमोनियाचे नायट्रेट करताना जिवाणू आम्ल निर्माण करतात. एक ग्रॅम अमोनियारूपी नायट्रोजनामागे पाण्यातील सुमारे सात ग्रॅम चुनखडीएवढा आम्लरोधक साठा खर्ची पडतो. बोअरच्या जड पाण्यात हा साठा मोठा असतो, आपल्याकडे तो मुळात थोडाच असतो आणि पाऊस तोही पातळ करतो. सामू 6 च्या खाली गेला की जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते.

टाकीवर उतरते पत्र्याचे किंवा पारदर्शक शीटचे छप्पर घालणे आणि जादा पाणी जाण्यासाठी काठाजवळ जाळी लावलेला निकास ठेवणे, ही दोन कामे पहिल्या सरीपूर्वी उरकावीत. साठा टिकविण्याचे साधन तर आपल्या स्वयंपाकघरातूनच बाहेर पडते : तिसऱ्यांच्या शिंपा उकळून, घासून, ठेचून कांद्याच्या जाळीदार पिशवीत भराव्यात आणि ती पिशवी वाफ्यातून पाणी टाकीत पडते त्या धारेखाली टांगावी. सामू 7 च्या खाली घसरू लागला की शिंपा विरघळू लागतात, वर असेल तर जवळजवळ तशाच राहतात, त्यामुळे त्या अति होण्याची भीती नाही. त्यांच्याने भागले नाही, तर चुन्याची निवळी वापरावी : चुना बादलीत कालवून रात्रभर ठेवावा आणि वरचे स्वच्छ पाणी दिवसाला लिटर-दोन लिटर, थेंबथेंब पडेल असे सोडावे. खालचा चुना टाकीत जाता कामा नये. भाजीला पालाशही लागते, म्हणून एक आठवडा निवळी आणि एक आठवडा पोटॅशियम बायकार्बोनेट असे आलटूनपालटून दिल्यास दोन्ही गरजा भागतात.

एका गोष्टीची धास्ती मात्र जरूर बाळगावी. सामू आधीच 6 च्या खाली गेला असेल, तर त्या पाण्यात न खाल्लेला अमोनिया साचलेला असतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो निरुपद्रवी रूपात असतो. घाईने सामू 8 वर नेला की तोच अमोनिया विषारी रूप घेतो. 30 अंश तापमानाला सामू 7 असताना एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो, सामू 8 झाला की हा वाटा सात टक्क्यांवर जातो. म्हणून आधी अमोनिया तपासावा, जास्त असल्यास थोडे पाणी बदलावे आणि सामू दिवसाला पाव अंकापेक्षा अधिक वाढवू नये. गेल्या वर्षी आपल्याकडे घाई झाली नाही, हे नशीबच म्हणायचे.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर एक चौरस मीटरचे चार वाफे आणि 1000 लिटरची टाकी ठेवण्यास समितीने तोंडी होकार दिला आहे. गच्ची हे वजन पेलेल ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हिशेब करून पाहावा. 30 सेंटिमीटर खोल वाफ्यात एका चौरस मीटरला सुमारे साडेचारशे किलो खडी बसते आणि पाणी भरले की वजन साडेपाचशे किलोच्या आसपास जाते. ये-जा असलेल्या सपाट छपरासाठी भारतीय मानक 875 मध्ये धरलेला भार चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलो आहे. टाकीत तर एक मीटर उंच पाणी म्हणजे चौरस मीटरला एक टन. समितीच्या होकाराने स्लॅबची ताकद वाढत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून खांब आणि तुळया कोठे आहेत ते पाहून घेऊन लेखी सल्ला मिळाल्याशिवाय खडीची एकही गोणी वर चढवू नये. टाकी तळमजल्यावर आणि गच्चीवर केवळ पाइपांतील हलकी लागवड, किंवा खडीऐवजी भाजलेल्या मातीचे हलके गोळे, हे पर्याय इंजिनिअरसमोर ठेवता येतील. मात्र पाणी गच्चीवर चढविणारा पंप रात्रंदिवस चालेल, तेव्हा त्याचे वीजबिलही मोजावे.

प्रश्न : कोणते मासे ठेवावेत? रोहू, कटला चालतील का? मागूर लवकर वाढतो असे ऐकले. (नाशिक, सोलापूर आणि पनवेल येथील तीन वाचक)

उत्तर : रोहू आणि कटला तलावाचे मासे आहेत, घरच्या टाकीत ते बिचकतात, उड्या मारतात आणि पुरते वाढत नाहीत. सोलापूरच्या वाचकांना उजनीची चिलापी परिचित असेल. ती या कामाला फार काटक आहे, पण तिच्या पालनासाठी परवानगीचे नियम आहेत, तेव्हा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारणा करावी. पंगस हवेतूनही श्वास घेऊ शकतो, त्यामुळे वीज गेल्यावर टिकून राहतो. नाशिकच्या थंडीत मात्र तो खाणे सोडतो, म्हणून तेथे सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, बरा. थाई मागुराच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे आणि ती योग्यच आहे. ज्यांना मासे खायचे नाहीत, त्यांनी निःसंकोच कोई कार्प ठेवावेत. भाजीला त्यांचा अमोनिया तेवढाच चालतो. पहिल्या वर्षी 1000 लिटरला दहा किलोंपेक्षा जास्त मासे नसावेत आणि हे वजन पूर्ण वाढलेल्या माशांचे धरावे, बोटुकलीचे नव्हे. नकोसे झालेले मासे नदीत किंवा तळ्यात सोडू नयेत.

प्रश्न : वांग्यावर मावा आला आहे. निंबोळी तेल सेंद्रिय असल्याने ते फवारले तर चालेल ना? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : चालणार नाही. निंबोळी तेल माशांना बाधते, तंबाखूचे पाणी त्याहून वाईट आणि बोर्डो मिश्रणातील तांबे तर थोड्या मात्रेतही जीव घेते. वाफ्यावर पडलेला प्रत्येक थेंब तासाभरात टाकीत पोहोचतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर साध्या पाण्याची जोरकस धार मारावी, शेंडा फारच भरला असेल तर तो खुडून टाकावा आणि पंखवाल्या माव्यासाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. धारेने टाकीत पडलेला मावा मासे आवडीने खातात. त्या दिवशी खाद्य थोडे कमी द्यावे.