पावसाळ्यात न्हाणीतल्या नळाला करंट येतो. जुन्या कौलारू घराचं सगळं वायरिंग बदलावं का?

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळ आजोबांनी बांधलेलं कौलारू घर आहे, वायरिंग 1970 च्या सुमाराचं आहे, काकू तिथे एकट्या राहतात आणि पाऊस लागला की न्हाणीतल्या नळाला हात लावताच झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो, एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) बसवली की झालं. तेवढ्यावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही भागणार. मी तेवीस वर्षं दापोली-गुहागर भागात फिटिंगची कामं करतोय, म्हणून हे ठामपणे सांगतो. आधी आजच काकूंना फोन करा. कोरड्या चपला घालून, कोरड्या हाताने मेन स्विच बंद करायला सांगा आणि माणूस येऊन बघून जाईपर्यंत चालू करू नका म्हणावं. रात्र शेजारी काढली तरी चालेल. झिणझिण्यांची लोकांना सवय होते, "पावसात थोडं लागतंच" असं म्हणत वर्षं जातात. पण आज झिणझिण्या देणारा नळ उद्या अंग ओलं असताना, पाय ओल्या लादीवर असताना माणसाला धरून ठेवू शकतो.

आता नळाला करंट का येतो ते सांगतो, कारण ते कळलं की काय बदलायचं तेही कळतं. त्या काळी आपल्याकडे वेगळं अर्थिंग, म्हणजे बॉडीत उतरलेला करंट जमिनीत सोडायची सोय, फारसं कुणी करत नसे. अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधायची. पाइप जमिनीतून विहिरीपर्यंत किंवा टाकीपर्यंत जायचा, त्यामुळे बरंवाईट अर्थिंग मिळून जायचं. पुढे पाइप गंजले, लोकांनी जमिनीतला भाग काढून प्लास्टिकचा टाकला. भिंतीतला तुकडा मात्र लोखंडीच राहिला आणि अर्थची तारही त्यालाच बांधलेली राहिली. म्हणजे फ्रिजच्या किंवा गिझरच्या बॉडीत उतरलेला करंट आता जमिनीत जात नाही, नळावर येऊन थांबतो आणि काकूंच्या हाताची वाट बघतो. तुमच्याकडेही हेच असणार असं मला वाटतं. शंभरात शंभर खात्री जागेवर बघूनच होईल, पण न्हाणीबाहेरचा पाइप प्लास्टिकचा आहे का एवढं विचारलंत तरी पुष्कळ उलगडा होईल.

एमसीबी इथे काय करते? काहीच नाही. वायरवर भार जास्त झाला किंवा फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) एकमेकांना चिकटले तर ती पडते. माणसाच्या अंगातून जाणारा करंट तिला कळत नाही. हिशोब बघा. अर्थिंगचा रोध 10 ओहम आहे असं धरू, जुन्या घराच्या मानाने हे बरंच म्हणायचं. 230 व्होल्टला त्यातून 23 अँपिअर जाईल. 15-16 अँपिअरची फ्यूज वायर किंवा एमसीबी एवढ्याने लगेच उडेलच असं नाही, आणि आपल्याकडे फ्यूज सारखा उडतो म्हणून तार दुहेरी गुंडाळायची खोड असतेच. तोपर्यंत फ्रिजची बॉडी जिवंत. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे बघत असते. 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या अगदी छोट्या भागात लाइन तोडते. अर्थिंग कच्चं असलं तरी ती पडते. म्हणून पैसे कमी असतील तर पहिला खर्च 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर आणि नव्या अर्थिंगवर करा, बाकीचं नंतर. एमसीबीही लागतातच, कारण जादा भाराकडे आरसीसीबी बघत नाही. दोन्ही जोडीने हव्यात.

आरसीसीबी लावली की जुन्या घरात पुढे जे होतं त्याची तयारी ठेवा. ती पडणार. सारखी पडणार. मग कुणीतरी म्हणणार, "हे यंत्र खराब आहे, काढून टाका."

दाभोळच्या अलीकडच्या एका गावात मी आषाढात आरसीसीबी बसवली आणि ती रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला पडायला लागली. घरातले आजोबा वैतागले. गणपती तोंडावर आलेले, मुंबईची मंडळी येणार, आणि रोज दिवेलागणीला अंधार. मला म्हणाले, "ते बटण काढ बाबा, डायरेक्ट करून दे." मी हात जोडले, एक दिवस मागून घेतला. एकेक सर्किट बंद करत गेलो तर दोष निघाला ओटीवरच्या दिव्यात. तो फक्त संध्याकाळीच लावायचे, म्हणून रोज सातची वेळ. शिडी लावून वर गेलो. वाशाच्या कडेने जुनी लाकडी पट्टी फिटिंग होती, वर एक कौल सरकलेलं, पागोळी नेमकी पट्टीवर पडून लाकूड स्पंजासारखं भिजलेलं. दिव्याचा गोल लाकडी ब्लॉक उघडला तर आत पितळी स्क्रूवर हिरवा कळंक, मुंग्यांची अंडी, आणि जुनी रबरी वायर. जराशी वाकवली तर रबर भाजलेल्या पापडासारखं तुटून हातात आलं आणि आतली तार उघडी. ती ओल्या लाकडाला टेकलेली होती. लाकूड वाशाला, वासा भिंतीला, भिंत ओल्या जांभ्याची. आरसीसीबी रोज हेच सांगत होती. आजोबांना शिडीच्या दोन पायऱ्या चढून ते दाखवलं. पुढे ते बटण काढायची गोष्ट त्यांनी काढली नाही.

तेव्हा सगळं बदलायचं का? तुमच्या वायरिंगचं वय बघता हो, पण एकदम बदलायला हवंच असं नाही. रबरी, कापडी वेष्टनाची वायर दिसली तर तिला दुरुस्ती नाही, ती काढायचीच. 1970 च्या आसपास अॅल्युमिनियमची वायरही भरपूर वापरली गेली. पीव्हीसी वेष्टन असेल तर ती दिसायला ठीक दिसते, पण जोड सैल होतात, आणि नंतरच्या माणसाने तिलाच तांब्याची वायर पिळून वर टेप मारलेली असते. खाऱ्या, दमट हवेत दोन धातूंचा असा जोड आतून खाल्ला जातो, तापतो, टेप वितळते. माळ्यावर पेंढा, नारळाची सोडणं, जुनी वर्तमानपत्रं ठेवलेली असतात हे वेगळं सांगायला नको. जुन्या घराला आग लागते ती बहुधा अशा जोडापाशी.

शिवाय ते वायरिंग ज्या भारासाठी केलं तो भारच राहिलेला नाही. 3/22 ची वायर, म्हणजे 22 गेजच्या तीन तारा, आजच्या मापात साधारण 1.2 चौरस मिलीमीटर. तेव्हा त्यावर चार बल्ब आणि एक रेडिओ चालायचा. आता 2000 वॉटचा गिझर एकटाच जवळपास 9 अँपिअर घेतो. वर्षभर घरात काकूंचे दोन दिवे आणि एक पंखा, आणि गणपतीत पंचवीस माणसं, तीन गिझर, मिक्सर, मखराच्या माळा. नव्या कामात दिव्या-पंख्यांना 1.5, प्लगना 2.5 आणि गिझरला स्वतंत्र 4 चौरस मिलीमीटर तांब्याची वायर मागा. प्रत्येक प्लगला हिरवी अर्थची वायर खरोखर आत येते का, हे झाकण उघडून बघा. काही जण अर्थ नाही म्हणून प्लगच्या आतच न्यूट्रल आणि अर्थची पिन जोडून टाकतात. टेस्ट लॅम्प लावला की तो पेटतो, मालक खूश. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या बॉडीवर पूर्ण 230 व्होल्ट. असं दिसलं तर तो प्लग त्याच दिवशी बंद करायला लावा.

भिंती फोडून कन्सील फिटिंग करू नका. शहरातून आलेल्या मंडळींना ते हवं असतं, पण आपली भिंत जांभ्याची, मातीत किंवा चुन्यात बसवलेली. झिरी मारली की चिरे हलतात, आणि जांभा पावसात पाणी पितो. आतले लोखंडी बॉक्स थोड्या वर्षांत गंजून पोळी होतात. पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग, म्हणजे झाकणाची प्लास्टिक पट्टी, वरून मारा, नाहीतर पाइप तुळईच्या बाजूने न्या, सरकलेल्या कौलाचं पाणी पडणार नाही अशा जागी. दिसायला तितकं छान नाही हे मान्य, पण दोष शोधायला उघडता येतं. उंदीर, खार आणि वाळवी यांच्या राज्यात ते फार मोलाचं आहे. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ दिलेला असावा, म्हणजे पाणी वायरीवरून घरात न येता झोळावरून ठिबकून जातं.

अर्थिंगचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त हलगर्जी इथेच होते. नेहमीची पद्धत म्हणजे 40 मिलीमीटरचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खड्ड्यात उभा करायचा, भोवती कोळसा आणि मीठ. आपल्याकडे दोन फुटांवर कातळ लागतो, मग पाइप अर्धा कापून माती लोटली जाते. समोर उभे राहा. कातळ असेल तर दुसरा मार्ग आहे. किमान अर्धा मीटर खोल आणि 15 मीटर लांब चर खणून त्यात आडवी पट्टी गाडायची. आपल्या हवेत आणि मिठात लोखंड लवकर खातं, परवडत असेल तर तांबं घ्या. आणि जागा निवडताना न्हाणीचं पाणी ज्या माडांना जातं तिथली निवडा. ती जमीन बारा महिने ओली असते, आणि कोरड्या जांभ्यात करंट मुरत नाही. म्हणूनच अर्थिंग वैशाखात मोजायचं, ओल सगळ्यात कमी असताना. वायरिंगचा मेगर, म्हणजे वेष्टनातून करंट गळतो का ते मोजायचं यंत्र, मात्र आषाढात मारायचा. मे महिन्यात प्रत्येक वायरिंग पास होतं. काम दिवाळीनंतर काढा, गणपतीच्या आधी घाईत नको. माणूस तारतंत्री परवाना असलेलाच घ्या आणि काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट मागून घ्या.

विहिरीवरच्या पंपाला वेगळी आरसीसीबी द्या, म्हणजे पंपाच्या दोषाने काकूंच्या खोलीत अंधार होणार नाही. आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायला काकूंना शिकवा. दाबल्यावर खट्ट करून पडली तर ठीक. खाऱ्या हवेत आतला भाग अडकून बसतो, आणि अडकलेली आरसीसीबी बाहेरून अगदी चांगल्यासारखीच दिसते.

शेजारच्या कुणाला तरी मेन बोर्डाचा फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा. लोखंडी मेन स्विचखाली चिनी मातीचे दोन कटआउट (फ्यूज वायर बसवायचे ठोकळे) शेजारी शेजारी दिसले, तर त्यातला एक फेजवर आणि दुसरा न्यूट्रलवर आहे. तेव्हा तशीच पद्धत होती. न्यूट्रलचा उडाला तर घरात अंधार होतो, पण फेज प्रत्येक होल्डरपर्यंत जिवंत असते. लाइट गेली असं समजून काकू स्टुलावर चढून बल्ब चाचपायला जातील. वायरमन येईल तेव्हा पहिल्यांदा तो न्यूट्रलवरचा कटआउट काढून तिथे सरळ जोड द्यायला लावा, आणि तुम्ही स्वतः समोर असताना करून घ्या.