जुनी लाइट्झ एल्मार लेन्स ऑनलाइन घेताना ती अस्सल आहे की नक्कल, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की विक्रेत्याकडे सोनेरी मुलाम्याची लायका (लाइट्झ या जर्मन कंपनीचा कॅमेरा) आहे, वर 'बर्लिन 1936' कोरलेलं, पुढे लाइट्झचीच 50 मिमी 3.5ची एल्मार लेन्स आणि किंमत परवडेल अशी. फोटो न बघताच सांगतो, हा ऐवज बहुतेक सोव्हिएत आहे. खार्किवला 1934पासून फेड आणि क्रास्नोगोर्स्कला 1948पासून झोर्की, असे लायकाबरहुकूम कॅमेरे लाखांनी निघाले. पुढे त्यांचंच नाव घासून, नवं कोरून, मुलामा चढवून विकायचा धंदा जोरात चालला. ऑलिम्पिक, लुफ्तवाफे (नाझी हवाईदल), नाझी गरुड, अशी कोरीव चिन्हं सगळी त्यातलीच.

तेव्हा कोरलेल्या अक्षरांना भुलू नका. सिरीयल नंबरचंही तसंच. लाइट्झच्या नंबरांवरून साल सांगणारे तक्ते सगळ्यांना उपलब्ध आहेत, नक्कल करणाऱ्यालाही. नंबर आणि साल जुळत नसेल तर माल खोटा म्हणा. जुळला म्हणून खरा ठरत नाही.

मी आधी अपर्चरच्या, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या, पाती कुठे आहेत ते बघतो. लाइट्झने एल्मारमध्ये त्या पहिल्याच भिंगामागे बसवल्या. फेडच्या लेन्समध्ये आणि झोर्कीवरच्या इंडुस्टार-22मध्ये त्या दुसऱ्या भिंगामागे असतात. ही जागा बदलायची तर लेन्सच नवी बनवावी लागेल, एवढा खटाटोप कोण करतो! विक्रेत्याला म्हणा, अपर्चर पूर्ण बारीक करा आणि एकच दिवा लेन्सवर पडेल असा समोरून, अगदी जवळून फोटो पाठवा. प्रत्येक भिंगाच्या दोन्ही पृष्ठांवर दिव्याचा एकेक ठिपका उमटतो. म्हणजे पातींच्या अलीकडे एल्मारमध्ये दोन ठिपके दिसतील, इंडुस्टारमध्ये चार. लेन्स हातात मिळाली तर टॉर्च जरा इकडेतिकडे हलवा. ठिपके वेगवेगळ्या वेगाने सरकतात, त्यामुळे एकावर एक आलेलेही सुटे मोजता येतात.

मग लेन्सवरचे अपर्चरचे आकडे वाचा. युद्धापूर्वीच्या एल्मारवर 3.5, 4.5, 6.3, 9, 12.5, 18 अशी जुनी मालिका असते. '1936'च्या लेन्सवर 5.6, 8, 11, 16 दिसले तर शंका घ्याच. उलट जुने आकडे मात्र सुरुवातीच्या फेडवरही असत. भिंगावरची निळसर-जांभळी झाकही तशीच, एकटी निर्णायक नाही: त्या काळी एल्मारला कोटिंग (चकाकी कमी करणारा लेप) नव्हतं, पण काही मालकांनी नंतर करून घेतलं.

कॅमेऱ्याची लेन्स काढलेला फोटोही मागा. लेन्स जिथे बसते त्या माउंटच्या आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरचा (अंतर मोजून फोकस साधणाऱ्या यंत्रणेचा) दांडा दिसतो. लायकात त्याच्या टोकाला छोटं चाक असतं, फेड-झोर्कीत नुसतं निमुळतं टोक.

लायका माउंटमधल्या 'झाइस सोनार'च्या (झाइस या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या लेन्सच्या) वाटेला मात्र पहिल्याच खरेदीत जाऊ नका. ज्युपिटर-3 हे तिचंच सोव्हिएत रूप, शिवाय सुरुवातीच्या सोव्हिएत लेन्समध्ये जर्मन भिंगंही वापरली गेली. तिथे जाणकारांतही वाद होतात.

आणि इंडुस्टार-22 टाकाऊ नाही हं. कृष्णधवल फिल्मवर सुरेख चित्र देते. चार ठिपके निघाले तर विक्रेत्याला तसं कळवा आणि इंडुस्टारचा चालू भाव सांगा. त्या भावात देत असेल आणि भिंगात बुरशी नसेल, तर खुशाल घ्या.