वडील सैनिक, आईही गेली: मुलांच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नातं कसं सिद्ध करायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि तीन वर्षांपूर्वी वारले. वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होतं, गेल्या वर्षी त्याही गेल्या. मुलगी १६ वर्षांची, मुलगा ११ वर्षांचा, दोघं तुमच्याकडे आहेत. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव आहे. मुलगा निवृत्तीनंतर जन्मला, त्यामुळे लष्कराच्या नोंदीत त्याचं नावच नाही. तहसीलदारांचा वारस दाखला जोडूनही अर्ज परत आला.

मी रेकॉर्ड ऑफिसात (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयात) क्लार्क होतो, आता आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या घरचे असे अर्ज भरून देतो. म्हणून आधी एक दिलासा देतो: तुमची केस बुडालेली नाही. मुलीचं काम तर मुलासाठी अडकवून ठेवायचं कारणच नाही.

कुटुंब निवृत्तिवेतन दोन्ही मुलांना एकदम वाटून मिळत नाही. ते जन्मक्रमाने एकेकाला मिळतं. आधी मोठीला, तिचं वय २५ होईपर्यंत, किंवा लग्न होईपर्यंत, किंवा ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कमावू लागेपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर. मग धाकट्याला. (जुळी असतील तर समान हिस्से.) म्हणजे आज सिद्ध करायचंय ते फक्त मुलीचं नातं, आणि तिची नोंद मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात आधीच आहे. तिचा अर्ज वेगळा करा.

वारस दाखला का चालला नाही? तो जमीन, घर, बँकेतली शिल्लक यांच्या कामाचा. कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ता धरली जात नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये व्हायोलेट इसाक यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. ते कुणाला मिळायचं हे वारसा कायदा ठरवत नाही, निवृत्तिवेतनाचे नियम ठरवतात. त्यामुळे अर्ज तपासणारा माणूस आधी लष्कराची स्वतःची नोंद उघडतो: किंड्रेड रोल (सैनिकाच्या कुटुंबीयांची यादी), आणि लग्नाच्या व मुलांच्या जन्माच्या वेळी निघालेली पार्ट टू ऑर्डर (अशा घटनांची लष्करी नोंद). बाहेरचा कागद त्या नोंदीशी जुळला तर फाइल पुढे सरकते. नाही जुळला तर शिक्का कितीही मोठा असो, परत.

भावाचं डिस्चार्ज बुक (निवृत्तीच्या वेळी मिळालेली सेवेची पुस्तिका) आणि पीपीओ (निवृत्तिवेतन देण्याचा आदेश) घरात शोधा. त्यात पत्नीचं आणि मुलीचं नाव कसं लिहिलंय, जन्मतारीख काय आहे, ते अक्षरन् अक्षर पाहा. डिस्चार्ज बुक सापडत नसेल तर आर्मी नंबर देऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्डला लिहा.

आता आईच्या नावाचा घोळ. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, नोंद करायला मामा किंवा आजोबा जातात आणि आईचं माहेरचंच नाव सांगून येतात. सैनिकांच्या घरात हे फार वेळा दिसतं. राजपत्रात नावबदल ज्याचा त्याने करायचा असतो, वहिनी नाहीत, तेव्हा ती वाट बंद. मग दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायचं. वहिनींचा शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला, असलीच तर लग्नपत्रिका, आणि सासरच्या नावाने असलेली पीपीओ. या कागदांच्या आधारे प्रतिज्ञापत्र करा. नुसतं प्रतिज्ञापत्र पाठवू नका.

माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, आणि लोक नेमकं तेच सोडतात. मृत्यूनंतर केलेला कागद हलका पडतो, कारण तेव्हा पैशाचा प्रश्न उभा राहिलेला असतो. वडील हयात असताना, दुसऱ्याच कामासाठी झालेला कागद जड पडतो. मुलाला हेच लागणार आहे. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डासाठी भावाने दिलेली कुटुंबाची माहिती, माजी सैनिक ओळखपत्राच्या वेळचा अर्ज, मुलांच्या शैक्षणिक अनुदानासाठी सैनिक कल्याण कार्यालयात दिलेले कागद, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, जुनी शिधापत्रिका. यातल्या दोन-तीन ठिकाणी मुलाचं नाव वडिलांच्या सांगण्यावरून लागलेलं असेल, तर त्याच्या जन्मदाखल्यासोबत ते खूप होतं. जन्मतारखेसाठी आधारवर विसंबू नका, तो ओळखीचा पुरावा आहे.

निवृत्तीनंतर जन्मला म्हणून त्याचा हक्क जात नाही. पण बहिणीची पाळी संपेपर्यंत थांबू नका. तोवर मुख्याध्यापक बदलतील, रजिस्टरं गहाळ होतील, भावासोबत नोकरी केलेली माणसं उरणार नाहीत. सैनिक कल्याण अधिकाऱ्यांमार्फत त्याचं नाव नोंदवण्याचा अर्ज आत्ताच बेळगावला पाठवा.

पालकत्वाचं काम मात्र कोर्टातच होईल. आई-वडिलांनंतर आत्या, काका, आजी, कुणीच कायद्याने नैसर्गिक पालक ठरत नाही. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून दोन्ही मुलांसाठी तुमच्या नावे एकच आदेश घ्या. मुलगी १८ ची झाली की तिचे पैसे तिच्या नावावर येतील, मुलाला तो आदेश पुढेही लागेल. दरम्यानची रक्कम बुडत नाही, वहिनींच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी मागा. उशीर मात्र करू नका. जुन्या दाव्यांत हक्क मान्य करूनही न्यायालयं थकबाकी बहुधा तीनच वर्षांची देतात.

दरही तपासून घ्या. सामान्य दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि महागाई सवलत सोडून किमान ९,००० रुपये. पण निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर सात वर्षं, किंवा सैनिकाचं वय ६७ झालं असतं तोवर, यातलं जे आधी संपेल तोपर्यंत वाढीव दर असतो. तुमच्या भावाला जाऊन तीनच वर्षं झालीत, तेव्हा पीपीओवरची वाढीव दराची तारीख पाहा. ती मुदत उरली असेल तर मुलीला त्याच दराने मिळायला हवं, अर्जात तसं स्पष्ट लिहा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. दत्तक मूल असेल तर नोंदणीकृत दत्तकपत्र जोडा. आणि दुसऱ्या लग्नाची मुलं असतील तर त्यांना कुणी हाकलून लावू देऊ नका: पहिली पत्नी हयात असताना झालेलं लग्न बेकायदेशीर ठरलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे ती मुलं औरस असतात. बिहारच्या रामेश्वरी देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये अशा अल्पवयीन मुलांचा वाटा मान्य केलाय.

अर्ज पुन्हा परत आला तर त्यावरचा शेरा जसाच्या तसा इथे लिहा, नावं आणि नंबर झाकून. कोणता कागद कमी पडतोय ते मी सांगतो.