सहायक दिग्दर्शनाची सुरुवात आणि इंग्रजी शब्द

सहायक दिग्दर्शक म्हणून चित्रपटाच्या सेटवर जाण्याआधी इंग्रजी संज्ञांची लांबलचक यादी पाठ करण्याचा तुमचा विचार मी सध्या बाजूला ठेवायला सांगेन, कारण सहायकाचे पहिले काम दहा-बारा शब्दांवरच चालते आणि ते मात्र अचूक यावे लागतात.

सर्वांत आधी सीन, शॉट आणि टेक यांतला फरक पक्का करा. सीन म्हणजे एका ठिकाणी, एका वेळी घडणारा प्रसंग. शॉट म्हणजे त्यासाठी ठरवलेली कॅमेऱ्याची एक मांडणी. आणि तोच शॉट पुन्हा घेतला की बदलतो तो टेकचा क्रमांक. क्लॅपवर, म्हणजे शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर धरायच्या पाटीवर, टेकचा क्रमांक ३ ऐवजी २ राहिला, तर संकलकाला चित्र आणि ध्वनी जुळवताना तो तुकडा शोधत बसावे लागते. माझ्याकडूनही सुरुवातीला हे घडले आहे, म्हणून आग्रहाने सांगतो.

दुसरा गोंधळ हालचालींचा. पॅनमध्ये कॅमेरा जागेवरूनच डावी-उजवीकडे वळतो, टिल्टमध्ये वर-खाली; ट्रॅकमध्ये तो स्वतः सरकतो, तर झूममध्ये केवळ भिंगाची नाभीय लांबी बदलते, म्हणजे कॅमेरा न हलता चित्र जवळ किंवा दूर भासते. कॅमेरा सरकवायच्या चाकांच्या गाडीला पुस्तकांत ‘डॉली’ वाचाल, पण आपल्याकडे ‘ट्रॉली’ हाच शब्द रुळलेला आहे, तोच वापरा.

‘रोल साउंड’ (ध्वनिमुद्रण सुरू), ‘रोल कॅमेरा’ (कॅमेरा सुरू), ‘ॲक्शन’ (अभिनय सुरू), ‘कट’ (थांबा) हा सूचनांचा क्रम कानाने शिका आणि ‘कट’ दिग्दर्शकालाच म्हणू द्या. भिंगांचे आकडे, दिव्यांची नावे नंतर येतील. आदल्या दिवशी मिळणारी कॉल शीट, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या चित्रीकरणाचे वेळापत्रक, मात्र पूर्ण वाचा आणि अडलेला शब्द त्याच रात्री मुख्य सहायकांना विचारा.